स्वरालीची साक्ष

पुऱ्यांची कणीक मळून उर्वीने परातीवर ओलं फडकं टाकलं आणि हात धुवायला नळ सोडला, तेवढ्यात खिडकीतल्या रेडिओने तिच्या लेकीचं नाव घेतलं.

आधी तिला वाटलं, भास झाला. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हा रेडिओ उठल्यापासून निजेपर्यंत चालू असे, इतका की फ्रिजच्या घरघरीसारखा तो कानांना कळेनासा व्हायचा. हार्बरलाइट रेडिओ, एक लहानसं ख्रिस्ती केंद्र. आम्ही जाहिराती घेत नाही, ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो, असं तो स्वतःच दिवसातून दहादा सांगे. ब्रिस्टल, बाथ आणि खाडीपलीकडची चार गावं एवढाच त्याचा मुलूख. पण त्या मुलखातली एकटी, आजारी, म्हातारी माणसं त्याच्या सोबतीवर दिवस काढत, हे उर्वीलाही मान्य होतं. सोमवारपासून त्यांचा अपील वीक, म्हणजे देणग्या मागायचा आठवडा, सुरू होणार होता. त्याचीच घोषणा चालली होती. मागे पियानो, आणि पियानोवर तरंगणारा एका बाईचा मधाळ आवाज.

"ब्रिस्टलची छोटी स्वराली," बाई सांगत होती, "तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. तिच्या आजीने आपल्या विनंत्यांच्या लाइनवर फोन केला, तुम्ही घराघरांतून प्रार्थना केली, आणि आज स्वराली गाते आहे. सोमवारी ऐका तिची साक्ष. तिच्याच आवाजात."

उर्वीने नळ बंद केला. बोटांची कणीक बोटांनाच राहिली.

दारातून बैठकीची खोली दिसत होती. गालिच्यावर स्वराली इकडे पाठ करून ठोकळे रचत होती. ती काल बोलत नव्हती, परवा बोलत नव्हती, आज सकाळी दूध हवं होतं तेव्हाही आईचा हात धरून तिला फ्रिजपाशी नेऊन उभी राहिली होती. येत्या गुरुवारी हॉस्पिटलात तिच्या कानांची तपासणी होती. वेटिंग लिस्टवर अख्खा उन्हाळा काढल्यावर मिळालेली तारीख. ही गोष्ट आजी-आजोबांखेरीज कुणाला सांगायची नाही असं उर्वी आणि तिचा नवरा सुयश यांनी ठरवलं होतं, आणि सांगताना उर्वीने सासूबाईंना तसं स्पष्ट म्हटलंही होतं.

आता एकेक कोडं सुटायला लागलं. टॉडलर ग्रुपमधल्या एका अनोळखी बाईने मागच्या बुधवारी तिचे दोन्ही हात धरून, तुझ्या मुलीचं ऐकून फार आनंद झाला, असं का म्हटलं होतं. आणि शुक्रवारी नर्सरीच्या मुख्य बाईंनी हसत हसत का विचारलं होतं की मग आता स्पीच थेरपीच्या यादीतून नाव काढायचं ना. उर्वीला वाटलं होतं, कुठल्या दुसऱ्या मुलीशी गल्लत होते आहे. तिने ठामपणे नाही म्हटलं होतं, म्हणून नाव राहिलं. म्हटलं नसतं तर?

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते तिला त्या ओट्यापाशी समजलं.

सासूबाई, म्हणजे शशीबाई, बैठकीच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर अंथरत होत्या. संध्याकाळी उपकारस्तुती होती. हिवाळे कुटुंबात काही बरं घडलं की उपकारस्तुती ठरलेली. नगर सोडून इंग्लंडला येऊन तीस वर्षं उलटली तरी त्यात खंड नव्हता. दोन गीतं, प्रार्थना, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणारी घरातल्या कुणाची तरी साक्ष, मग जेवण. आजचं निमित्त पपांची, म्हणजे सासरे रघुवीर हिवाळे यांची सत्तरी. निदान उर्वीला तसं सांगितलं होतं.

"आई, स्वरालीचं नाव रेडिओवर कुणी दिलं?"

शशीबाईंनी चादरीची घडी हाताने सपाट केली. त्यांना लपवायचं काहीच नव्हतं, हेच उर्वीला जास्त लागलं. त्या आनंदाने सांगत सुटल्या. त्यांनीच फोन केला होता. एकदा विनंतीसाठी, आणि मागल्या पंधरवड्यात एकदा आभारासाठी. त्या दिवशी रेडिओवर गीत लागलं होतं आणि पोर रेडिओपाशी उभी राहून गुणगुणली होती, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

उर्वी मिरजेच्या ख्रिस्ती घरातली. विनंत्या म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उपासनेत पाळकसाहेब विचारत, कुणाच्या काही विनंत्या? माणसं उभी राहून नावानिशी सांगत: धाकटीची कूस उजवत नाही, थोरल्याची दारू सुटत नाही. ऐकणाऱ्यांना ते आधीच ठाऊक असे. तेच लोक दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दारात येत. आणि जुन्या बायकांची रीत अशी की मागितलं म्हणजे मिळालंच असं धरून आभारही आधीच मानायचे. थांबून पाहणं म्हणजे अविश्वास. शशीबाईंनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा टेलिफोनमध्ये ओतल्या होत्या. पलीकडे नगरची मंडळी नाहीत, अर्धा परगणा आहे, आणि आधी मानलेले आभार तिथे घडलेली बातमी म्हणून लिहून घेतले जातात, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"ती रेडिओवर हात ठेवते तेव्हाच गुणगुणते," उर्वी म्हणाली. "आमच्या घरी वॉशिंग मशीनवर ठेवते. मशीन जोरात फिरायला लागलं की त्याच्याबरोबर म्म्म करते. मी महिनाभर पाहतेय. तिला गीत ऐकू येत नाही आई, तिला ते हाताला लागतं."

"तू सारखी पाहत बसतेस म्हणून तुला तसं दिसतं. थोडा विश्वास ठेव की गं."

"तुम्ही आयुष्यभर नर्सचं काम केलंत. एका पेशंटचं नाव कधी वॉर्डाबाहेर नेलंत?"

"पेशंटची गोष्ट वेगळी. ती परकी माणसं." शशीबाईंनी चादर पुन्हा सपाट केली, जी आता सपाटच होती. "ही आपली आहे."

म्हणजे परक्यांची अब्रू झाकायची आणि आपल्यांची चव्हाट्यावर मांडायची, असं उर्वीच्या ओठांवर आलं होतं. पण दाराची बेल वाजली आणि नणंदबाई, देवयानी, आत आल्या.

देवयानी हार्बरलाइटमध्ये आठवड्यातून तीन दिवस विनामोबदला काम करत असे. शाळेतली नोकरी सुटली त्या वर्षी तिला कुठे जाऊन बसावं ते कळत नव्हतं, तेव्हा त्या रेडिओने तिला खुर्ची दिली आणि पुढे माइकही दिला. त्यामुळे त्याच्याविरुद्ध शब्द ऐकणं म्हणजे तिला स्वतःवरचा वार वाटे. हातात मोठा केक आणि तोंडात बातमी घेऊन ती आली: मार्टिन येतोय, अर्ध्या तासात. मार्टिन म्हणजे केंद्राचा मुख्य निवेदक. सोमवारसाठी स्वरालीचा आवाज टेप करायचा होता, आणि पाहुणे जमायच्या आत घर शांत असताना ते उरकलेलं बरं.

उर्वीने फक्त एवढंच विचारलं, की हे आईवडिलांना विचारायची पद्धत त्यांच्या रेडिओत नाही का. देवयानी म्हणाली, आईने होकार दिला होता.

"आई तिची आई नाही. आई मी आहे."

सुयश वरच्या मजल्यावरून खुर्च्या घेऊन उतरत होता. रोज नोकरीसाठी ट्रेनने रीडिंग शहरात जाऊन दमलेला हा माणूस शनिवारी कुणाशीही भांडायच्या मनःस्थितीत नसे, आणि ब्रिस्टलात वाढल्यामुळे त्याचं मराठी भांडणाला पुरतही नसे. त्याने खुर्च्या भिंतीला लावल्या आणि बायकोला जिन्याखाली नेलं.

"उर्वी, आज पपाचा बर्थडे आहे ना. हा गोष्ट मोठा करू नको. माझा आई मुद्दाम नाही केली."

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. थांबवता तरी आलं असतं."

मंडेला बोलू आपण त्यांच्याशी, असं तो म्हणाला. सोमवारीच तर ते रेडिओवर लागणार होतं. उर्वीने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या नाताळात, मूल उशिरा बोलतं ते आईने घरी इंग्रजी बोलायचं सोडून मराठीचा हट्ट धरल्यामुळे, असं देवयानी जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती, तेव्हाही तो असाच, पुढं बोलू, म्हणून गप्प बसला होता. पपा तर खिडकीशी पेपर उघडून बसले होते आणि त्यांनी पानही उलटलं नव्हतं. घरात उर्वी धरून पाच मोठी माणसं होती आणि तिच्या बाजूला बाकीच्यांतलं एकही नव्हतं. पाठ करून बसलेली सहावी तर काही बोलूच शकत नव्हती.

मार्टिन आला तो फुलं घेऊन. उंच, पांढऱ्या दाढीचा, हसऱ्या डोळ्यांचा. अशा माणसावर रागावणं कठीण, आणि त्याचाच उर्वीला अधिक राग आला. पपांना त्याने शुभेच्छा दिल्या, शशीबाईंना सिस्टर शशी म्हणून मिठी मारली. उर्वीला म्हणाला, किती अभिमान वाटत असेल तुला. उर्वीने त्याला इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की तिची मुलगी बोलत नाही, गुरुवारी तिचे कान तपासायचे आहेत, आणि ती घोषणा आजच बंद झाली पाहिजे. तो हळुवार मान हलवत ऐकत राहिला. डॉक्टरांवर आमचाही विश्वास आहे, म्हणाला. फक्त तिचं गुणगुणणं घेऊ, दुसरं काही नाही. ते तरी खरं आहे ना?

ते खरं होतं. आणि उर्वी पुढचं बोलायच्या आत देवयानीने स्वयंपाकघरातला रेडिओ आणून चादर घातलेल्या टेबलावर ठेवला, त्यात गीतांची कॅसेट घातली आणि आवाज वाढवला.

टेबलाची थरथर पायांतून जमिनीत उतरली असावी. स्वरालीने ठोकळा खाली ठेवला, उठली, टेबलापाशी आली आणि आपला छोटा तळवा रेडिओवर चपटा टेकवला. मग डोळे अर्धे मिटून ती गुणगुणायला लागली. एकच सूर, लांबलचक. शशीबाईंचे डोळे भरून आले. सुयशने मान वळवली. खरं म्हणजे उर्वीलाही ते सुंदरच वाटलं. ते कुणाच्या उपयोगाचं नसतं तर ती रात्रंदिवस ऐकत बसली असती.

मार्टिनने कानांवरचा हेडफोन एका बाजूला सरकवला. छानच आहे, म्हणाला, पण हाताची खरखर येतेय टेपवर. रेडिओ जरा लांब ठेवता येईल?

ही त्याच्या धंद्यातली रोजची गोष्ट होती. माइकजवळ कपडा घासला, खुर्ची करकरली, तर थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. देवयानीने स्वरालीचा हात अलगद उचलला आणि रेडिओ फायरप्लेसवरच्या दगडी फळीवर नेऊन ठेवला. आवाज तसूभरही कमी झाला नव्हता. गीताचं धृपद जोरात चालू होतं, खिडकीच्या काचा बारीक वाजत होत्या.

स्वराली थांबली. रिकाम्या टेबलावर तिने तळवा ठेवून पाहिला, पुन्हा ठेवला. मग खाली बसली आणि ठोकळ्यांकडे वळली.

मार्टिन म्हणाला, हरकत नाही, लहान मुलं कंटाळतात, पाच मिनिटांनी पुन्हा बघू. देवयानीने टाळ्या वाजवून स्वरालीला बोलावलं. पाठमोऱ्या पोरीने तांबड्या ठोकळ्यावर निळा ठोकळा चढवला.

शशीबाई उठल्या. उर्वीला वाटलं, आता नातीला उचलून घेतील, पपी घेतील, आणि सगळं होतं तिथंच येईल. पण त्या चालत पोरीच्या मागे गेल्या आणि हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. हा चेहरा उर्वीने या घरात कधी पाहिला नव्हता; सुयशने लहानपणी, तापात, उशाशी पाहिला असेल. त्यांनी हळू आवाजात हाक मारली. मग नेहमीच्या आवाजात. मग चढ्या. एकदा डाव्या कानामागून, एकदा उजव्या. पोर हलली नाही. शेवटी समोरच्या देवयानीचे डोळे आपल्या मागे वर लागलेले स्वरालीला दिसले, तेव्हा ते कुठे लागलेत म्हणून तिने वळून पाहिलं, आणि आजीला पाहून हसली.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?" शशीबाईंनी उर्वीला विचारलं.

"मघाशी सांगितलं ना, आई."

मार्टिनने कॅसेट थांबवली. आवाज खाली आणून त्याने सांगितलं की त्याला फार वाईट वाटतंय. मग म्हणाला, पहिला भाग उत्तम आला आहे. तेवढाच वापरू. मूल गुणगुणतंय, एवढंच ऐकू येईल, बाकी काही कुणाला सांगायची गरज नाही.

उर्वीला वाटलं होतं, आपला राग संपला; सासूबाईंचा चेहरा पाहून तो विरला असं तिला खरंच वाटलं होतं. तो विरला नव्हता, नुसता श्वास घ्यायला थांबला होता.

"माझ्या मुलीला तुमची गाणी ऐकू येत नाहीत," ती म्हणाली. "आणि ज्यांना येतात त्यांना तुम्ही सांगणार, बघा, तिला येतात. तिच्याच आवाजात सांगणार. तिला नाही म्हणता येत नाही म्हणूनच ना?"

ती मराठीत बोलून गेली होती. मार्टिन कावराबावरा होऊन देवयानीकडे पाहायला लागला. सुयशने ते इंग्रजीत केलं. शब्दाला शब्द, काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, की ती टेप इथेच पुसली जाईल आणि ती घोषणा आजच निघेल, नाहीतर तो स्वतः त्यांच्या दारात येऊन उभा राहील. उर्वी नवऱ्याकडे बघत राहिली. इंग्रजीत हा माणूस असा बोलतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

देवयानीने शेवटचा प्रयत्न केला. इतक्या लोकांनी प्रार्थना केली, त्यांना आता काय सांगायचं? सोमवारी अपील आहे. उद्या ते म्हणतील, मग बाकीच्या साक्षी तरी खऱ्या कशावरून?

"म्हणू देत," खिडकीतून पपा म्हणाले. पेपर अखेर खाली आला होता. "विचारायलाच पाहिजे त्यांनी. आणि देवयानी, पोरगी बहिरी निघाली तर त्यात तुझ्या रेडिओची काय नाचक्की? तिला बरी म्हणून सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मी," शशीबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

त्या हॉलमध्ये टेलिफोनपाशी गेल्या. नंबर त्यांना पाठ होता. शनिवारी चारला विनंत्या वाचल्या जात, आणि चार वाजायला थोडाच अवकाश होता. उघड्या दारातून सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मी शशी. हो, सिस्टर शशी. लिहून घे. एका मुलीची गुरुवारी कानांची तपासणी आहे, तिच्यासाठी विनंती. नाव? नाव नाही. तुला माहीत असलं तरी लिहायचं नाही. आता पुढचं लिही. मुलगी बोलायला लागली असं तिच्या आजीने सांगितलं होतं, ते खरं नाही. आजीने मिळायच्या आधीच आभार मानले. लिहिलंस? सगळं वाचायचं."

मार्टिनने टेप मागे नेऊन पुसली. सुयश शेजारी उभा राहून पाहत होता. घोषणेसाठीही मार्टिनने आपल्या ऑफिसला फोन लावला. टीमला विचारावं लागेल असं आधी म्हणाला, पण सुयशने दार अडवलं नाही, नुसता दारात उभा राहिला, तेव्हा मार्टिनने ती काढायला सांगितली. मार्टिन गेला तेव्हा फुलं टेबलावरच राहिली. देवयानी त्याच्यामागे गाडीपर्यंत गेली आणि थोड्या वेळाने एकटीच परत येऊन, कुणाकडे न पाहता, पुऱ्या लाटायला बसली. उर्वीने लाट्या करून तिच्यापुढे सरकवल्या.

रेडिओ पुन्हा खिडकीत गेला होता. चारचे टोले झाले आणि एक तरुण मुलगी विनंत्या वाचू लागली. बाथच्या एका गृहस्थांचं गुडघ्याचं ऑपरेशन. कुणाचा तरी मुलगा, नोकरी नाही. मग ती म्हणाली, आपल्या एका जुन्या श्रोत्या आजींची विनंती आहे, एका लहान मुलीची गुरुवारी कानांची तपासणी आहे, तिला आपण प्रार्थनेत धरू या.

सगळ्यांचे हात थांबले. मुलगी क्षणभर अडखळली. कागद उलटल्याचा आवाज आला. मग पियानो सुरू झाला.

"झालं?" शशीबाईंनी विचारलं.

पियानो चालूच राहिला. त्यावर मधाळ आवाजाने अपील वीकची आठवण करून दिली. स्वराली केव्हा आत आली ते कळलं नाही. स्टुलावर चढून तिने खिडकीतल्या रेडिओवर तळवा टेकवला आणि त्या पियानोबरोबर म्म्म करायला लागली.

"आई, राहू दे आता," देवयानी म्हणाली. "पाहुणे येतील."

शशीबाईंनी पदर कमरेला खोचला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मंडळींपैकी कुणीतरी लवकर आलं होतं, बेल वाजली. त्या दाराकडे गेल्या नाहीत. हॉलमध्ये गेल्या आणि रिसीव्हर उचलला.

"पुन्हा मी शशी," त्या म्हणाल्या. "अर्धं राहिलं."

पलीकडून काहीतरी समजूत घातली जात होती. शशीबाई ऐकत नव्हत्या. बेल दुसऱ्यांदा वाजली. उर्वीने कणकेच्या हातांनीच स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, हॉलमध्ये नेली आणि सासूबाईंच्या मागे ठेवली, कारण त्यांना उभं राहून फार वेळ बोलवत नसे, आणि आता वेळ लागणार होता.